छापील किमतीचा हट्ट

सुलभाच्या नवऱ्याचा, प्रकाशभाऊजींचा, फोन आला तेव्हा मी मिरकरवाड्याला बांगडे घेत होते. "कुंदाताई, सुलभा गेली," ते म्हणाले, आणि बाजाराच्या गलक्यात मला वाटलं, मालगुंडला गेली असेल, माहेरी. "कधी येणार आहे परत?" मी विचारलं. मग त्यांनी नीट सांगितलं. पहाटे छातीत दुखायला लागलं, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मासेवाली पिशवी पुढे करून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला पैसे दिले की नाही तेही आता आठवत नाही. आमचं बोलणं बंद होतं, हे मात्र त्या क्षणी लख्ख आठवलं. बारा दिवस बंद होतं. सुरू कोणी करायचं यावर मी अडून बसले होते, आणि तीही बसली असणार.

सुलभा कांबळे शिक्षिका होती. तीस वर्षांहून जास्त काळ तिने लांज्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत पहिली-दुसरीची मुलं शिकवली, रोज एसटीने जाऊन-येऊन. मी पोस्टात काउंटरवर होते. आम्हा दोघींनाही गाता येत नव्हतं, पण गाणं ऐकायचं वेड सारखंच होतं, आणि त्यापायीच गावातल्या एका लहानशा संगीत मंडळाच्या कार्यकारिणीत आम्ही शिरलो. वर्षाला तीन-चार कार्यक्रम व्हायचे. मोठं नाव येणार असलं की तिकिटं सकाळी खिडकी उघडल्यापासून दोन तासांत संपत. त्या रांगेत मध्येच घुसणारी माणसं कार्यकारिणीची असली तरी सुलभा त्यांना मागे पाठवायची. माझ्या नवऱ्यालाही एकदा पाठवलं होतं. तो अजून ते विसरलेला नाही.

भांडणाचं मूळ शोधायचं तर बरंच मागे जावं लागेल. एका गायिकेचा कार्यक्रम होता, दोनशे रुपये तिकीट. सुलभाने रांगेत उभं राहून दोन तिकिटं घेतली होती. ऐन वेळी प्रकाशभाऊजींना ताप भरला, म्हणून एक उरलं. नाट्यगृहाच्या दाराशी हातात हेल्मेट घेऊन एक चाळिशीतला माणूस 'एक्स्ट्रा आहे का, एक्स्ट्रा' करत फिरत होता. तिने त्याला दोनशेलाच दिलं. आम्ही चपला काढून बाजूला झालो, तेवढ्यात त्याने तेच तिकीट चिपळूणहून आलेल्या एका बाईंना आठशेला विकलं. आमच्या डोळ्यांदेखत. सुलभा तशीच अनवाणी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अहो, मला वाटलं तुम्हाला गाणं ऐकायचंय." तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही विकलंत, मी घेतलं. आता ते माझं. त्याचं मी काय करायचं ते मी बघीन." आत माझ्या शेजारी ती तीन तास बसली होती, पण एकही चीज तिने ऐकली नाही. मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्याला काय म्हणायला हवं होतं गो मी?"

पुढे कितीतरी महिने आम्ही त्या माणसाला उत्तर शोधत होतो. मी मुद्दाम त्याची बाजू घ्यायचे. आमची आंब्याची लहानशी बाग आहे. मी म्हटलं, "सीझनची पहिली पेटी आम्ही वाशीला पाठवतो, तिचा भाव ऐकून तुला घेरी येईल. तेव्हा तू आम्हाला लुटारू म्हणत नाहीस. ज्याला हवं तो मोजतो, ज्याला नको तो मे महिन्यापर्यंत थांबतो. तिकिटाचं वेगळं काय?" ती म्हणाली, "आंबा तुमच्या बागेत पिकतो. मोहोरावर फवारणी तुम्ही करता, राखण तुम्ही करता. गाणं त्याने पिकवलं का?" मी म्हटलं, "तो उन्हात रांगेत उभा राहिला, त्याच्या कष्टाचं काय?" "मग उभं राहायची मजुरी माग म्हणावं, राजरोस. गाण्याची किंमत कशाला मागतो? ती गाणारीने ठरवलीय, आपण छापलीय."

आणि एकदा, माझ्या ओसरीवर, तिने तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील मुंबईला गिरणीत होते. गणपतीला गावी आले असताना शेजारच्या गावात तंबूतलं नाटक लागलं होतं. सुलभा तेव्हा सात वर्षांची. तिला खांद्यावर घेऊन ते दीड तास चालत गेले. खिडकी बंद झालेली, आणि बाहेर एक जण तीच तिकिटं तिप्पट किमतीला विकत होता. वडिलांच्या खिशात तेवढे नव्हते. तसेच परत फिरले, पुन्हा दीड तास. "आत येऊ नका असं कोणी म्हटलं असतं ना कुंदा, तर बाबा भांडले असते. ते भांडायला तयारच असायचे, तशी वेळ आमच्या माणसांवर कितीदा आली होती. पण इथे कोणी 'येऊ नका' म्हटलंच नाही. नुसता आकडा सांगितला. आकड्याशी कसं भांडायचं?" त्यानंतर आंब्याचा मुद्दा मी पुन्हा काढला नाही.

मग तिने मंडळात ठराव आणला. तिकिटावर नाव लिहायचं, एका माणसाला दोनच तिकिटं, आणि दाराशी ओळखपत्र बघायचं. लोक कुरकुरले. शेवटी, नावं लिहायचं काम तीच करणार असेल तर करू दे, असं ठरलं. साडेतीनशे तिकिटांवर तिने तिच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात नावं लिहिली. पहिल्याच कार्यक्रमाला दाराबाहेर एकही विकणारा दिसला नाही. हेल्मेटवाला येऊन, बघून निघून गेला. सुलभाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी तिच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

दुसऱ्या कार्यक्रमाला राजापूरहून एक म्हातारं जोडपं आलं. सत्तरीच्या पुढचं. एसटीने आलेले, हातात कापडी पिशवी. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला होता. त्याने इथल्या एका मित्राला सांगून तिकिटं काढून घेतली होती, त्यामुळे नावं त्या मित्राची आणि त्याच्या बायकोची. मित्राचा फोन लागेना, मुलगा ड्युटीवर. दाराशी सुलभा. "नाव जुळत नाही, आजोबा. मला सोडता येणार नाही."

"बाई, मी विकायला नाय आलो, ऐकायला आलोय," आजोबा म्हणाले.

मी शेजारी उभी होते. म्हटलं, "सुलभा, अगं बघ तरी त्यांच्याकडे. ही काय ब्लॅकवाली माणसं वाटतात का?" ती म्हणाली, "चेहरे बघून सोडायचं तर नियम कशाला केला? उद्या तुझ्या ओळखीचे चेहरे आत जातील आणि दुसऱ्यांचे बाहेर राहतील." आणि आम्ही हे बोलत असतानाच आमच्या बाजूने अध्यक्षांचे पाहुणे आत गेले. सहा-सात जण. त्यांच्याकडे निमंत्रितांचे पास होते. पासावर नाव नव्हतं, किंमत नव्हती, काहीच नव्हतं. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, सुलभाकडे पाहिलं. आजींनी त्यांना हाताला धरून पायऱ्यांवरून खाली नेलं.

पडदा उघडून दहा मिनिटं झाली नसतील, सुलभा उठून बाहेर धावली. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. रिक्षाने स्टँडवर गेली. राजापूरची गाडी निघून गेली होती.

तिसऱ्या दिवशी तिने मला सोबत नेलं. तिकिटाच्या नोंदीवरून तिने त्या मित्राला गाठून पत्ता मिळवला होता. राजापूरला उतरून, बाजारपेठ ओलांडून, नदीच्या बाजूला त्यांचं घर शोधलं. आजींनी बसायला सांगितलं, कोकमाचं सरबत दिलं. सुलभा पेला हातात धरून उभ्यानेच बोलली. "माझी चूक झाली. मी माफी मागायला आले." आजोबा म्हणाले, "माफी मागायला एवढ्या लांब आलात... आत सोडायला दोनच पावलं होती." आजी मध्ये पडल्या, "जाऊ दे हो, त्यांचं पण काम होतं." पण ते थांबले नाहीत. "रात्री रत्नागिरीत भाचीकडे राहणार होतो. तिला काय सांगायचं होतं? दारातून परत पाठवलं म्हणून? त्यापेक्षा गाडी धरली." सुलभाने पुढच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं आणली होती. ती तिने पर्समधून बाहेर काढलीच नाहीत. परतीच्या एसटीत हातखंब्याचा फाटा आला. तेव्हा ती म्हणाली, "मी त्यांना आकडासुद्धा सांगितला नाही. सरळ येऊ नका म्हटलं."

दुसरा कोणी असता तर ते सगळं सोडून गप्प बसला असता. सुलभाने नियम बदलला. नको असलेलं तिकीट मंडळाकडे परत द्या, पूर्ण पैसे घ्या. आम्ही ते वाट बघणाऱ्याला छापील किमतीत देऊ. नाव बदलायचं असेल तर आधी नुसता फोन करा. तिने स्वतःचा नंबर दिला होता, आणि लोक तिला जेवताना, झोपताना फोन करायचे. हे चाललं, चांगलं चाललं. पण तिला एवढ्यावर राहवेना. निमंत्रितांच्या पासांवरही नाव हवं, त्यांची संख्याही ठरवायला हवी, असं तिने सभेत मांडलं. "बाहेरच्याने नफा घेतला तर तो काळाबाजार, आणि आपण पहिल्या दोन रांगा ओळखीत वाटल्या तर तो मान?" अध्यक्ष हसून म्हणाले, "कांबळेबाई, देणगीदार सांभाळावे लागतात." सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदावर पेनाने रेघा ओढत बसले. पुढच्या वर्षी नव्या कार्यकारिणीत तिचं नाव नव्हतं, माझं होतं. त्याबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तिकिटं मोबाइलवर निघतात. रांग नाही, खिडकी नाही. सकाळी विक्री सुरू होते आणि चहा उकळायच्या आत संपते. दुपारी तीच तिकिटं व्हॉट्सॲपच्या गटांवर तिप्पट भावाने दिसायला लागतात. कोणाशी भांडायचं? निदान हेल्मेटवाल्याला तोंड तरी होतं. सुलभा मला तसले मेसेज दाखवून विचारायची, "हा कोण गो? ह्याला फोन लावून दे." फोन कोणी उचलत नसे.

आमची शेवटची भेट माझ्याच ओसरीवर झाली. माझ्या साठीनिमित्त मुलाने पुण्यातल्या एका मोठ्या मैफिलीचं तिकीट काढून दिलं होतं, असंच, तिप्पट देऊन. मी ऐकून आले. आणि मूर्खासारखं ते सुलभाला सांगितलं. ती म्हणाली, "तू गेलीस? कुंदा, घेणारे आहेत म्हणून विकणारे आहेत. तुझ्या त्या खुर्चीत कोण बसणार होतं, ठाऊक आहे तुला?" तिचं खरं होतं, म्हणूनच मला ते झोंबलं. मी म्हटलं, "मी पैसे टाकून का होईना, आत गेले. तुझ्या तत्त्वापायी ती राजापूरची माणसं बाहेर राहिली." बोलले मात्र, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. ती उठली, पदर खोचला, "येते" म्हणाली. तिचा तो शेवटचा शब्द.

गेल्या आठवड्यात मंडळाने तिच्या स्मरणार्थ गाण्याचा कार्यक्रम ठेवला. प्रवेश विनामूल्य, पास आधी घ्यायचे. पास एका तासात संपले. संध्याकाळी एका गटावर मेसेज आला, 'दोन पास आहेत, प्रत्येकी तीनशे.' सुलभाच्या फोटोखाली, तिच्या नावाच्या कार्यक्रमाचे! मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "काय करणार कुंदाताई, जमानाच तसा आहे." मी त्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला, चांगल्या घरच्या वाटल्या. "फुकटचे असले म्हणून काय झालं? मी वेळ घालवलाय ना," त्या म्हणाल्या. मी सुलभाची सगळी वाक्यं पाठ असल्यासारखी बोलायला गेले, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांनी फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी आत सोडतील या आशेने नाट्यगृहाबाहेर पन्नास तरी माणसं उभी होती. त्यांत एक बाई होत्या, घामेजलेल्या, लांबून आलेल्या दिसत होत्या. सुलभाने त्यांच्या मुलीला शिकवलं होतं म्हणाल्या. मी माझा पास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पटकन पर्स उघडली. "किती द्यायचे?"

"काही नाही. घ्या."

त्यांनी पास उलटसुलट करून बघितला. माझ्याकडे संशयाने पाहिलं. "खरा आहे ना?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाच्या घरी गेले. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात बसून त्याची चिरफाड करायची, ही आमची वर्षानुवर्षांची सवय. खिडकीखालचं स्टूल माझं, ओट्याला टेकून ती. प्रकाशभाऊजींनी चहा केला. मी स्टुलावर बसून त्यांना सगळं सांगितलं, तो मेसेज, तो फोन, ती बाई. पास देऊन टाकला हे सांगताना मला थोडं बरंच वाटत होतं. ते ओट्यापाशी उभे राहून ऐकत होते. मग सहज म्हणाले, "पास कुठला होता? कितव्या रांगेतला?"

"पहिल्या," मी म्हटलं. "मंडळाने घरी आणून दिला होता."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटेल असं काही ते बोलले नाहीत, त्यांचा तो स्वभाव नाही. पण त्या स्वयंपाकघरात पुढचा प्रश्न कोण विचारत होतं, ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. मला तिचा असा राग आला... मी ओट्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "अगं, सगळ्यांना वाटतात तसा मलाही दिला! परत काय करायचा होता?"

प्रकाशभाऊजींनी माझा कप उचलला आणि आणखी चहा ओतला.