हलका साहेब

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आधी हसू येतं आणि मग हात जोडावेसे वाटतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या तपासाने मला कुणाच्या तरी कायमच्या ऋणात ठेवलं, असा तपास हा एकच.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. फोटो काढणारे मोबाइल अजून खेड्यात पोचले नव्हते. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात एक जुना खबऱ्या दारात घुटमळताना दिसला. खबऱ्या तावातावाने आत आला तर बातमी निम्मी खोटी समजावी. घुटमळला तर ऐकून घ्यावं.

"सायेब, शिरूर कासारकडच्या एका गावातलं देवळातलं चित्र इकाया निघालंय," तो म्हणाला. "गोऱ्या सायबाचं हाय. लाकडाच्या फळीवर काढलेलं. लई जुनं."

बीट हवालदाराला घेऊन मी त्या गावी गेलो. गाव ऊसतोडीला जाणारं. दिवाळीच्या सुमाराला कुलपं लागायची, ती उन्हाळा तोंडावर आला की निघायची. आम्ही पोचलो तेव्हा टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या, घरांपुढे बोचकी तशीच पडली होती. देवळात जाऊन पाहतो तर चित्र सभामंडपात जागच्या जागी टांगलेलं. खबऱ्याने आपल्याला चांगलंच फिरवलं, असं मनात म्हणत मी चित्र बघू लागलो. मोठा तराजू होता. एका पारड्यात लाल कोटातला गोरा साहेब खुर्चीसकट बसलेला, दुसऱ्यात भाकऱ्यांची चवड. साहेबाचं पारडं जमिनीला टेकलेलं, भाकऱ्यांचं वर.

शेजारी एक म्हातारी पदराने वारा घेत बसली होती. तिला ऐकू जाईल असं मी म्हणालो, "साहेबाला चांगलंच वजन दिलंय की चित्रकाराने!"

"त्या मेल्याला कसलं वजन?" म्हातारी फणकारली. "आमचा सायब हलका हाय." आणि मग कंबरेवर हात ठेवून उठली, चित्राजवळ गेली आणि ओरडलीच. "अगं बया! ह्यो खाली कावून बसला? आमचा सायब वर असतूय! सायब बदलला की गं!"

बघता बघता अर्धा गाव जमा झाला. जो तो चित्र पाहायचा आणि तोंडावर हात ठेवायचा. मला काहीच उमगेना. शेवटी म्हातारीनेच मला बसवून सगळं सांगितलं.

मुलूख निजामाचा असला तरी मोमिनाबादेला छावणी गोऱ्यांची होती. तिथला एक साहेब शिकारीला यायचा. गावची ज्वारी घोड्यांना घालायचा आणि माणसांना वेठीला धरायचा. एकदा त्याने फर्मावलं, माझा मान करणारं चित्र काढून देवळात लावा. गावाच्या चित्रकाराने त्याला तराजूत बसवून त्याची तुला काढली. तुला राजाची करतात, म्हणून साहेब खूश. त्यातून आपण उंच अधांतरी आणि भाकऱ्या खाली मातीला टेकलेल्या, हे पाहून तर तो फारच खूश झाला. गाव मात्र मान खाली घालून हसलं. आपल्याकडे माणूस हलका म्हटला की पुढे शिवी द्यायची गरजच राहत नाही! खुर्चीसकट बसूनही साहेब गरिबाच्या भाकरीला भारी पडला नाही, हे त्याच्याच हुकमाने देवळात लागलं आणि ते त्याला कधी कळलं नाही. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं. गावात अजूनही कुणी उन्मत्त वागला की म्हणायचे, 'बसला सायबाच्या पारड्यात.'

म्हणजे खबर खरी होती. मूळ चित्र गेलं होतं आणि जागेवर नक्कल लटकत होती.

मग सगळ्यांचे डोळे गुरवाकडे वळले. देवळाची चावी त्याच्याकडे. गाव उसाला गेल्यावर मागे उरणारा तोच. गावातल्या एका पुढाऱ्याने तर निकालच देऊन टाकला : "चोर घरातच हाय बे! हेची गुरवकी काढून घ्या आन् उद्याच देऊळ खाली करा." देवळाची चावीही त्याने गुरवाकडून काढून घेतली. गुरवाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या त्या देवाची पूजा केली होती. म्हातारा खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते.

मी त्याचा जबाब घेतला. गाव रिकामं असताना शहरातून एक शिकलेला माणूस आला होता. चित्रावर धूर आणि तेल बसलंय, साफ करून आणून देतो, म्हणाला आणि दिलंही आणून. "देवाचं काम म्हनून दिलं, सायेब. मला चकाकी तेवढी दिसली. वर कोन, खाली कोन, ते दिसलं न्हाई."

मी गाडीत बसत असताना म्हातारी मागून आली. "माज्या तोंडामुळं त्याच्यावर बालंट आलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "मी गप ऱ्हायले असते तर कुनाला कळलं असतं? सायब, चित्र घावलं न घावलं तरी चालंल, पर त्याची गुरवकी वाचवा."

खबऱ्यामुळे विकणाऱ्याचा माग लागलाच होता. त्याला ठाण्यात आणला. इस्त्रीचे कपडे, गोड जीभ. "मी फक्त साफ केलं. हेच मूळ चित्र आहे. त्या म्हाताऱ्याला दिसत नाही आणि गावकऱ्यांना आठवत नाही," हे तो न अडखळता सांगत राहिला. माझ्या हाती पुरावा नव्हता. गावातून एका लग्नाचा फोटो मिळाला, तर त्यात नवरदेवाचे मामा नेमके चित्रापुढे फेटा बांधून उभे!

मारून माणूस वाटेल ते कबूल करतो आणि कोर्टात फिरतो. त्या वाटेने गेलो असतो तर गुरव कधीच सुटला नसता. पण एक गोष्ट मला नोकरीने शिकवली होती. कारागिराला शिवी दिली तर तो सोसतो, त्याच्या कामाला नावं ठेवली तर नाही. मी ती नक्कल त्याच्यासमोर उभी केली, चहा मागवला आणि हवालदाराला म्हणालो, "ज्याने कुणी हे काढलं त्याला काही येत नसावं. तराजूच उलटा काढलाय बघा."

त्याचा कप थांबला. "उलटा कसा?"

"साहेबाचं पारडं खाली. चुकलंच ते."

"अहो, एवढा धिप्पाड माणूस बसल्यावर पारडं खाली जाणारच ना! चूक तर त्या गावंढळ चित्रकाराची होती. त्याने साहेब वर टांगला होता, त्याला साधं..."

त्याने कप खाली ठेवला. जबाब लिहिणाऱ्या शिपायाची लेखणी मात्र चालूच होती. "म्हणजे हे मूळ नव्हे," मी म्हणालो. "पाणी घ्या."

पुढे त्याने सगळं सांगितलं. पंचांसमक्ष त्यानेच जागा दाखवली. एका व्यापाऱ्याच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांमागे, गोधडीत गुंडाळलेलं मूळ चित्र मिळालं. साहेब वरच होता. पंचनाम्यावर सही करताना त्याने मला विचारलं, "पण त्या चित्रकाराने असं का काढलं असेल?" मी सांगितलं. त्याने चित्राकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि सही पुरी केली.

कोर्टाच्या हुकमाने चित्र सुपुर्दनाम्यावर गावाला परत मिळालं. ज्या पुढाऱ्याने गुरवाला चोर ठरवलं होतं, त्यानेच सगळ्यांदेखत चावी त्याच्या हातात दिली आणि पाया पडला. गुरवाने चावी कपाळाला लावली.

त्या दिवशी सगळे मला साहेब, साहेब म्हणत होते आणि मी नेमका त्या चित्रासमोर उभा होतो. या लोकांनी आपल्याला सलाम केला म्हणजे आपण मोठे, असं मी तोवर समजत आलो होतो. त्या गोऱ्यालाही त्यांनी सलामच केला होता. वजन मात्र आपसांत करून ठेवलं होतं. मी थट्टेने म्हातारीला विचारलं, "मावशी, मी हलका का जड?"

ती हसली. "अजून नोकरी हाय न्हवं तुमची? खुर्चीवरल्या मानसाचं खरं वजन कळत न्हाई. रिटायर व्हा, मंग इचारा."

त्या वाक्याने मला उरलेली नोकरी नीट करायला लावली. अर्जदार समोर आला की मला ते आठवायचं आणि आवाज आपोआप खाली यायचा. असा धडा कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नसता, म्हणून त्या गावाचे उपकार मी मानतो.

निवृत्त झाल्यावर मी मुद्दाम त्या गावी गेलो. गुरवाचे डोळे शस्त्रक्रियेने सुधारले होते, त्याने मला लांबूनच ओळखलं आणि धावत जाऊन खुर्ची आणली. म्हातारी फार थकली होती, देवळाच्या पायरीशी पोतं अंथरून बसली होती. मी म्हणालो, "मावशी, झालो रिटायर. आता सांगा."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग गुरवाला म्हणाली, "ती खुर्ची ने रे आत." आणि पोत्यावर आपल्याशेजारी हात थोपटत मला म्हणाली, "तुमी खाली बसा."

मी खाली बसलो.