बुटकी बाइक, बधिर बोटं

माझ्या बायकोचा मोठा भाऊ माझी शुश्रूषा करायला पुण्याहून कॉव्हेंट्रीला आला. पहिल्याच सकाळी त्यानं गॅरेजचं दार उघडलं, आतल्या वस्तूकडे बघितलं आणि विचारलं, "जावईबापू, हे काय? नातवाची सायकल का?"

आम्हाला नातू नाही. मूलही नाही. हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

"मिनीबाइक आहे, दादा," मी म्हणालो. "मी बनवतोय."

"तुम्ही? बनवताय? अरे वा."

त्या 'अरे वा'मध्ये काय काय होतं ते लिहायला मला दोन पानं लागतील. तोंडावर मी त्याला तीस वर्षं 'तुम्ही' म्हणत आलोय. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. आजारी माणसाला एवढी चैन परवडते.

वैराचं मूळ सांगतो. तो पिंपरीच्या एका कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून लागला आणि फोरमन होऊन निवृत्त झाला. मी ड्रॉइंग ऑफिसातला. आयुष्यभर स्क्रीनवर नट-बोल्ट काढले, दुसऱ्यांनी ते आवळले. लग्नाची बोलणी चालली असताना त्यानं शेकहँडसाठी घेतलेला माझा हात सोडलाच नाही. उलटा केला, तळवा बघितला आणि भर बैठकीत आपल्या वडिलांना म्हणाला, "हात मऊ आहेत." मुलगा दारू पितो, अशा सुरात.

तर हा माणूस सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर माझ्या घरात होता, आणि मला आतड्याचा कॅन्सर होता. यांतलं जास्त जड काय, हे मी बायकोला एकदा विचारलं. ती म्हणाली, "अहो, गप्प बसा, तो खाली पोहे करतोय."

ऑपरेशन झालं होतं. सर्जननं बजावलं होतं की भरलेल्या किटलीहून जड काही उचलायचं नाही. माझी मोठी मोटरसायकल त्यामुळे विकून टाकली आणि त्या रिकाम्या जागेत ही बुटकी बाइक सुरू केली. दहा इंची चाकं, एकशेदहा सीसीचं आडवं इंजिन, फ्रेम मी स्वतः डिझाइन करून वेल्ड करून घेतलेली. हेडलाइटचं कवच म्हणजे आमच्या लग्नातल्या डिनर सेटमधली वरणाची वाटी. बायको अजून पाचच वाट्या मोजते आणि भांडी घासणाऱ्या मशीनवर संशय घेते. रस्त्यावर चालवायला या बाइकला परवानगी नाही. मला फक्त माझ्या ड्राइव्हवेवर गॅरेजपासून फाटकापर्यंत जायचं होतं. चौदा पावलं. पण स्वतः बनवलेल्या यंत्रावर.

आता केमोच्या औषधाचं. दर दोन आठवड्यांनी एक, असे बारा डोस. त्यातलं एक औषध असं खट्याळ की गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात. फ्रिजमधली दुधाची बाटलीसुद्धा मी हातमोजे घालून काढायचो. आणि जानेवारीतलं गॅरेज! नट आवळायचे पाने मी गरम पाण्याच्या पिशवीवर टॉवेलात गुंडाळून शेकत ठेवायचो. मेहुणा फोल्डिंग खुर्ची टाकून, मफलर गुंडाळून, हा सोहळा बघत बसायचा.

"आमच्या वर्कशॉपमध्ये पाने असे झोपवले असते तर सुपरवायझरनं आम्हालाच झोपवलं असतं."

"तुमच्या शॉपमध्ये केमो चालू होती का कुणाची, दादा?"

"दोघांची होती. पाना गारच धरायचे."

खोटं. शंभर टक्के खोटं. पण काय बेमालूम बोलला! मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या.

सुया टोचणं चालेल, ते दोन-चार दिवसांत जातं. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या डोसनंतर माझी बोटं बधिर झाली ती तशीच राहिली. गरम नाही, गार नाही, काहीच नाही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की बधिरपणा टिकला तर ते औषध थांबवू, नाहीतर बोटं कायमची तशीच राहतील. एवढ्या मोठ्या वाक्यातून मला ऐकू आलं ते फक्त 'थांबवू'. औषध थांबलं की आत लपलेला कॅन्सर पुन्हा पाय पसरणार, असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणून प्रत्येक डोसआधी नर्स विचारायची, शर्टाची बटणं लावता येतात का, तेव्हा मी तिला बटणं लावून दाखवायचो. ओव्हरकोटाची. बशीएवढी बटणं. एकदा तर लावून झाल्यावर कमरेत वाकून मुजराही केला. ती हसली आणि तिनं 'ठीक' असं लिहिलं. घरी मी टी-शर्ट घालायचो. बायकोला वाटलं, आजारपणात माणूस तरुण होतो.

सातव्या डोसच्या आदल्या दिवशी इंजिनाचा स्पार्क प्लग बसवायचा होता. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, प्लग पोलादी. आटे जरा तिरके लागले तरी मऊ अॅल्युमिनियम कापलं जातं. त्यामुळे प्लग बोटांनी लावायचा. आधी उलटा फिरवायचा, आटा आट्यात पडला की बोटाला बारीकसं 'टक' लागतं, मग सुलटा. पाना अगदी शेवटी. हे मला माहीत होतं. मी उलटा फिरवला. वाट बघितली. टक लागलं असावं असं ठरवलं आणि पाना घेतला.

"थांबा!" खुर्चीतून आवाज आला.

मी थांबलो नाही. तो बोलला म्हणूनच थांबलो नाही. पाना दोन वेढे जड फिरला आणि तिसऱ्याला एकदम हलका झाला.

मेहुणा उठला. मला बाजूला केलं, प्लग काढला, आणि प्लगच्या टोकावरची चांदीसारखी कातण माझ्या नाकासमोर धरली.

"आटे मारलेत."

"दिसतंय मला."

"दिसतंय. पण लागलं का?" त्यानं माझा हात धरला, तीस वर्षांपूर्वी धरला होता तसाच. "डोळे मिटा."

"दादा, नाटकं नकोत."

"मिटा म्हणतोय ना!"

त्यानं माझ्या चिमटीत काहीतरी दिलं. "काय आहे? नट का वॉशर?"

"नट."

मी डोळे उघडले. चिमटीत काहीच नव्हतं. त्यानं काही दिलंच नव्हतं.

पहिल्यांदाच त्याच्याकडे टोमणा नव्हता, आणि त्याचा मला जास्त राग आला. "उद्या हॉस्पिटलात मी येणार," तो म्हणाला. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगतो."

"तुम्हाला इंग्रजी येत नाही."

"बोटं दाखवता येतात."

"औषध बंद करतील ते! मी मेलो तर?"

"आणि नाही मेलात तर?" तो ओरडला. "पुढची वीस वर्षं हे हात घेऊन काय करणार? माझ्या बहिणीनं तुम्हाला भरवायचं?"

सकाळी बसनं निघालो. तो खिडकीपाशी बसला, मुद्दाम, कारण मला खिडकी आवडते.

हॉस्पिटलात नर्सनं नेहमीचा कागद काढला. मी ओव्हरकोट घातलेलाच होता. बाजूच्या खुर्चीत मेहुणा दोन्ही पंजे मांडीवर उघडे ठेवून, प्रवेशाची वाट बघणाऱ्या नटासारखा टेकून बसला होता. नर्सनं विचारलं, "बोटं कशी आहेत?" त्यानं घसा खाकरला.

आणि मला दिसलं, की आता हा माणूस माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलणार. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. मग ते पुण्यात मरेपर्यंत सांगत फिरणार. "मी होतो म्हणून." ते मला सहन होणार नव्हतं. खरं बोलायला मला धीर आला असं मी म्हणणार नाही. मी त्याच्या आधी बोललो, एवढंच.

"बधिर आहेत," मी म्हणालो. "आठ आठवडे. मी खोटं बोलत होतो."

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. त्या चेहऱ्यासाठी मी आणखी एक ऑपरेशन करून घेतलं असतं.

डॉक्टर आल्या. रागावल्या, म्हणजे इथले डॉक्टर रागावतात तशा, अगदी हळू आवाजात. ते औषध त्या दिवसापासून बंद, दुसरं चालू राहील. आत्तापर्यंत मिळालेलं वाया जात नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बोटं परत येतील का? येतीलही. पूर्ण येतील असं सांगता येणार नाही.

सलाइन लावल्यावर मेहुणा पहिलं वाक्य बोलला. "हेडला नवे आटे पाडावे लागतील. मी पाडतो."

"माझं इंजिन आहे. मी पाडीन."

"या हातांनी? आटे पाडायचा टॅप मोडाल आतमध्ये!"

"मोडेन! माझा टॅप, माझं भोक!"

नर्स पडद्याआडून आली आणि म्हणाली, जरा हळू बोला, इथे आजारी लोक आहेत. मी भाषांतर केलं. मेहुणा म्हणाला, "तिला सांगा, हा त्यातला नाही. हा नुसता हट्टी आहे."

आटे शेवटी त्यानंच पाडले, मी झोपलो असताना. चोर! काम इतकं स्वच्छ होतं की शिवी देतानाही मला ते दोनदा बघावं लागलं.

बाइक सुरू झाली तेव्हा तो पुण्याला परतला होता. मी फाटकापर्यंत गेलो, चौदा पावलांचं अंतर, आणि काय ओरडलो ते समोरच्या घराच्या पडद्यांना विचारा. व्हिडिओ मी त्याला पाठवला नाही. बायकोनं पाठवला. उत्तर दोन शब्दांचं आलं: "टॅपेट सैल."

होतेच सैल; इंजिनाच्या झडपा हलवणारे हे तुकडे सैल असले की टकटक वाजतात, आणि ते त्यानं व्हिडिओत ऐकलं. टॅपेट बसवताना फटीत एक पातळ पत्ती घालून ओढायची असते. पत्ती किंचित अडली पाहिजे, आणि ते अडणं फक्त बोटांना कळतं. मी पत्ती घातली आणि ओढली. अंगठ्याला ते अडणं लागलं. पुसट, पण लागलं. तर्जनीला काही नाही. पुन्हा ओढली, पुन्हा अंगठ्याला लागलं. मग जमिनीवरच बसलो आणि बराच वेळ नुसती पत्ती ओढत राहिलो.

हे मी त्याला कळवलेलं नाही. त्यानं लगेच विचारलं असतं, पत्ती होती ना नक्की?