तासाभराची वाट

कुणाची निंदा सुरू झाली की सुलूआत्या उठायची आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागायची. तोंडातून शब्द नाही, कपाळाला आठी नाही. वाळलेले कपडे संपले तर घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची. आमच्या म्हैसूरच्या घरातली कपाटं कायम नीटनेटकी असत, यावरून आमच्या जिभांची कल्पना यावी.

ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. कॉलेजात असताना बहाई धर्मात गेली. आजोबांनी बोलणं टाकलं, पण घराबाहेर काढलं नाही, आणि हीही गेली नाही. लग्न केलं नाही. शाळेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दर आठवड्याला पिरियापट्टणच्या पुढच्या एका खेड्यात मुलांचा वर्ग घ्यायला जाऊ लागली. तिकडे तंबाखूचा हंगाम आला की मुलं वर्गाला येईनात, पानं ओवायला घरी बसत. मग हिने वर्गच सरस्वतम्मा नावाच्या शेतकरी बाईंच्या अंगणात नेला, तंबाखूच्या भट्टीशेजारी. मुलांबरोबर पानं ओवत प्रार्थना शिकवायची. परत यायची ती काळी, चिकट बोटं घेऊन. आईने साबण पुढे केला की म्हणायची, "शिकवायला तोंड लागतं वहिनी. हात सुम्ने, रिकामे कशाला ठेवायचे?"

तिच्या धर्मात माणसाला पुरतात, आणि जिथे मरण येतं तिथून तासाभराच्या वाटेपलीकडे नेत नाहीत. हे तिने आप्पांना आणि मला एकदा जेवताना बजावलं होतं.

"मग म्हैसुरातच मर, म्हणजे झालं," आप्पा ताकभात कालवत म्हणाले.

"ते काय माझ्या हातात आहे? सांगितलं तेवढं करा, बास, अष्टे."

ती गेली ती त्या खेड्यातच. सकाळी, वर्ग चालू असताना, चटईवर बसल्या बसल्या. फोन मी घेतला आणि आप्पांना सांगितलं. त्यांनी ॲम्ब्युलन्स ठरवली, मी मागे बसले. हिनकल गेलं, हुणसूर गेलं. मला काहीच वाटत नव्हतं. गीझर बंद केला की नाही, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

पोचलो तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळलं होतं. बोटात त्यांच्या रीतीची अंगठी होती. सांधे सुजलेले, त्यामुळे ती अर्ध्यावरच अडकली होती. सरस्वतम्मा कन्नडमध्ये म्हणाल्या, "आमची माणसं आमच्याच शेतात पुरलेली आहेत. टीचरम्मांना त्यांच्याशेजारी ठेवू."

आप्पा ॲम्ब्युलन्सचं दार धरून उभे राहिले. "घर आहे तिला. मी घरी नेणार."

बहाई मंडळींपैकी कोणी वाद घातला नाही. "तुमच्या घरचं माणूस, तुम्ही ठरवा," एवढं म्हणून सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मला काहीतरी मोठं, समजुतीचं बोलायला हवं होतं.

"आप्पा," मी म्हटलं, "यायला दीड तास लागला."

त्यांनी रिकाम्या ॲम्ब्युलन्सचं दार लावून टाकलं.

बहाईंमध्ये भटजी-पाद्री कोणी नसतो. वर्गातल्याच एका मोठ्या मुलीने प्रार्थना वाचली, बाकीचे उभे राहिले. आप्पांनी माती लोटली, चपला काढायचं मात्र विसरले. परतताना ते ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. मागे, रिकाम्या स्ट्रेचरजवळ बसले.

याला आता बरेच महिने झाले. कधीतरी रडू येईल असं वाटलं होतं, ते अजून आलेलं नाही. आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलतात. रविवारी सकाळच्या बसने कुठेतरी जातात. परततात तेव्हा चपलांना त्या शेताची माती असते. परवा असेच आले, पाय धुतले, पानावर बसले आणि भाताकडे बघत म्हणाले, "हिनकलला गर्दी नसती, तर तासात आणली असती तिला."

मी हो म्हटलं आणि त्यांना सार वाढलं.