दत्तूनं वळवलेलं विमान

माझं शेवटचं पोस्टिंग नगरच्या कॅन्टोन्मेंटला होतं. दत्तूही तेव्हा तिथंच. आम्ही दोघं कोल्हारचे, भरती एकाच दिवशी. पुढं दोघंही ऑफिसरच्या परीक्षेला बसलो. तो पास झाला, आर्मीच्याच हवाई शाखेत पायलट झाला, मेजर झाला. मी पायदळात सुभेदार. परेडला त्याला कडक सॅल्यूट मारायचो अन् आतून जळायचो. खोटं कशाला बोलू? घरी आलो की बायको, शालन, मीठ चोळायची. "दत्तूभाऊजींचं बघा जरा!"

दोघंही रिटायर झालो. गावाजवळच्या एका बड्या बागायतदारानं दोन सीटचं विमान घेतलं, रानात मुरमाची धावपट्टी केली, आणि उडवायला दत्तूला बोलावलं. पट्टी मोकळी ठेवायचं काम माझ्याकडं. हातात वॉकीटॉकी.

पहिल्या उड्डाणाला गाव लोटलं. दत्तू म्हणाला, "चल की, मागची सीट रिकामीच हाय."

"तूच मिरव."

तो हसला आणि गेला.

प्रवरेवर एक फेरी मारून तो परत फिरला. पट्टीच्या लांबच्या टोकाला कुत्री शिरली होती, ती हाकायला मी पळालो. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर आला की दारात यायच्या आधी ओवाळतात. विमानाचंही तेच झालं. माझी पाठ वळली तशा बायका पट्टीच्या मधोमध गेल्या. रांगोळी पडली, हलगी सुरू झाली. आरतीचं ताट घेऊन सगळ्यांत पुढं शालन.

तेवढ्यात सेट वाजला. "इंजिन गेलं. सरळ उतरतोय. पट्टी क्लिअर?"

"न्हाई! लोकं हायत! वर घे!"

"वर न्हाई जमत." मग म्हणाला, "दिसली. वैनी हाय पुढं."

मी बोंबलत धावलो. इंजिनाचा आवाज नव्हता, अन् हलगीपुढं माझा पोचेना. वर कुणी बघितलंच नाही. विमान डावीकडं वळलं, उसावरून घासत गेलं आणि बांधावरच्या बाभळीवर आदळलं.

आम्ही पोचलो तेव्हा दत्तू संपला होता. पट्टीवर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

दरसाल त्या दिवशी शालन बाभळीखाली दिवा लावते. मी सावधान उभा राहतो. लोक म्हणतात, "सुभेदार, मेजरसायेब देवमानूस हुते."

होताच. पण माझं जळणं काही थांबत नाही. शालनसाठी जीव द्यायची वेळ आली, तर तो हक्क माझा होता. गड्यानं तोही नेला.