पुरवणी प्रश्न

मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा घरात कुणी खूश नव्हतं. आजोबा कोर्टात कारकून होते, वडील सरकारी कचेरीत. दोघांच्या मते नियम पाळायचे असतात, त्यांचा अभ्यास काय करायचा? मला मात्र भांडायला शिकायचं होतं. मुळात मला एका जागी बसवतच नसे. वर्गात माझा पाय सारखा हलायचा, त्याने बाक हलायचा, आणि शेजारची मैत्रीण पेनाचं टोक माझ्या गुडघ्यात खुपसायची.

ही मैत्रीण दौलताबादच्याही पुढून एसटीने यायची. तिच्या घरी मेंढरं होती. वडील कळप घेऊन बाहेरगावी गेले की घरी राहिलेली कोकरं आणि लंगडी-आजारी मेंढरं हिच्या गळ्यात. गावातून पहिली बस पकडली तरी ती पोचेपर्यंत साडेसातचा तास निम्मा झालेला असे, आणि उशिरा येणाऱ्याची हजेरी लागत नसे. मी हर्सूलला राहायची. स्कूटीवर निवांत पोचता यायचं, तरी आठवड्यातून दोनदा दांडी मारायची आणि मैत्रिणी माझ्या नावावर बिनधास्त "हजर" म्हणायच्या. तिच्यासाठीही मी म्हणायला तयार होते. तिनेच नको म्हटलं.

"मी बसमधी असते गं. हजर कशी?"

मला तिचा रागच आला. एवढा खरेपणा घेऊन ही कुठे जाणार, असं वाटलं. ते तिसरं वर्ष होतं, आणि हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं प्राचार्यांनी बजावून ठेवलं होतं.

त्याच हिवाळ्यात आमच्या विभागाने युवा संसद भरवली. विद्यार्थ्यांनीच मंत्री व्हायचं, विद्यार्थ्यांनीच विरोधक व्हायचं, आणि परीक्षकांसमोर तासभर संसद चालवून दाखवायची. मला विरोधी पक्षनेता व्हायचं होतं. सरांनी मला अध्यक्ष केलं. म्हणाले, "तुझी भाषा शुद्ध आहे, आणि नियम तुझ्याइतके कुणाला पाठ नाहीत." म्हणजे सगळ्यात कमी बोलायची खुर्ची माझ्या वाट्याला. सगळं नाटक सरांनी आधीच लिहून ठेवलेलं होतं. मंत्र्यांची उत्तरं, विरोधकांचा संताप, बाकं कुठे वाजवायची, "गदारोळ, अर्धा मिनिट", सगळं. तालमीत विरोधक खिदळत खिदळत संतापायचे आणि मी खुर्चीत चुळबुळत बसायची. मैत्रीण विरोधी बाकांवर शेवटच्या रांगेत होती. तिच्या वाट्याला दोनच शब्द होते, "शेम, शेम".

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेत दोन परीक्षक होते आणि त्यांच्या मधोमध प्राचार्य. शिक्षणमंत्री झालेल्या मुलाने घोकलेलं उत्तर म्हणून टाकलं, की ग्रामीण मुलींच्या शिक्षणात कोणताही अडथळा येऊ नये याची सरकार पुरेपूर काळजी घेत आहे. सत्ताधारी बाकं वाजली. आता "शेम, शेम" यायला हवं होतं. त्याऐवजी ती उभी राहिली.

"अध्यक्ष महोदया, पुरवणी प्रश्न हाय. गावातून पहिली बस येती तवा पहिला तास निम्मा झालेला असतो. त्याच्यापायी ज्या पोरीची हजेरी कमी भरली, तिला परीक्षेला बसू देणार का नाय? मंत्र्यांनी एवढंच सांगावं."

मंत्री कागद उलटेपालटे करू लागला. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मंत्र्याच्या उत्तरातून निघालेला पुरवणी प्रश्न अध्यक्षांनी घ्यायचा असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिचा प्रश्न उत्तरातूनच निघाला होता. पण प्राचार्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि सर पडद्याआडून हातवारे करत होते. मी घंटी वाजवली.

"हा प्रश्न नियमात बसत नाही. माननीय सदस्यांनी खाली बसावं."

आवाज अगदी खणखणीत निघाला. ती लगेच खाली बसली. मला आधी हायसं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली. पुढचा अर्धा तास मी काय बोलले ते मला आठवत नाही.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. अचानक उद्भवलेला प्रसंग अध्यक्षांनी उत्तम हाताळला, असं एक परीक्षक मुद्दाम म्हणाले. मैत्रिणीने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि ती बस गाठायला पळाली.

तीन आठवड्यांनी हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. तिचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, की योग्य कारण असल्यास आठ दिवसांत प्राचार्यांकडे अर्ज करावा. मुकुंदवाडीच्या एका मुलाने आईच्या आजारपणाचं कारण दिलं आणि तो सुटला. ही अर्ज करेल असं मी धरून चालले. यादी वाचून ती गेली ती पुन्हा कॉलेजातच आली नाही, आणि मी फोन उचलून पुन्हा ठेवत राहिले.

परीक्षा झाली. संसदीय कामकाजाच्या पेपरात पुरवणी प्रश्नावर टीप लिहायला आली होती. मी दीड पान लिहिलं, नियमासकट. ती परीक्षेला नव्हती.

पेपर संपले तरी मला घरात चैन पडेना. एका दुपारी स्कूटी काढली आणि दौलताबादचा घाट चढून तिच्या गावी गेले. ती अंगणात बसून कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मी माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघाला जाब.

"तू अर्ज का नाही केलास?"

"काय लिवणार व्हते अर्जात? तेच की. बस उशिरा येती."

"मग तेच लिहायचं ना!"

"तूच म्हणलीस ना, नियमात बसत नाय. तुला समदे नियम पाठ हायेत. मला वाटलं, उगं कशाला हसू करून घ्यायचं."

ती सहज बोलली होती, टोमणा नव्हता. तेवढ्यावर मी गप्प राहिले असते तर तिला कधी कळलंही नसतं. मनात तसं येऊनही गेलं, हे कबूल करते.

"बसत होता," मी म्हटलं. "तुझा प्रश्न नियमात बसत होता. मी प्राचार्यांना भ्याले."

तिने बाटली खाली ठेवली. कोकरू तिच्या बोटांना लुचत राहिलं. मला उभंही राहवत नव्हतं, बसवतही नव्हतं.

"भ्यालीस ते ठीक हाय," ती म्हणाली. "मीबी भ्याले असते. पण मग सांगायचं तरी. आठ दिवस व्हते की."