एक हलका, तीन जोराचे

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतो आहे. खरं सांगायचं तर हसण्यासाठी. एकदा संपादकांना पत्रही लिहिलं होतं, की असल्या गोष्टींना चार पानं देण्यापेक्षा शब्दकोडं मोठं करा. आज त्याच पानांसाठी लिहायला बसलो आहे. वय एकोणसत्तर, शिक्षणानं इंजिनिअर. सगळं आयुष्य गेजच्या काट्याकडे बघण्यात गेलं. काटा हलला तर दाब आहे, नाही हलला तर नाही. भूत, आत्मा, संकेत... यातलं काहीच मी मानत नव्हतो. आजही मानतो असं म्हणवत नाही.

पण अनुभवाआधी एक कबुली द्यावी लागेल. एका माणसाचं नाव सरकारी कागदावर गुन्हेगार म्हणून लागलेलं आहे, आणि ते खोटं आहे. ते मी लावलं.

चोविसाव्या वर्षी सांगलीहून चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी डिफेन्स फॅक्टरीत नोकरीला आलो, तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. दहा वर्षांनी नोकरी सोडून अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गॅस सिलिंडर तपासायचं छोटं युनिट काढलं. काम असं — सिलिंडर पाण्यानं भरायचा, नेहमीपेक्षा बराच जास्त दाब द्यायचा, आणि दाब काढल्यावर तो मूळ मापावर परत येतो का ते बघायचं. आला तर त्याच्या खांद्यावर लोखंडी ठशांनी शिक्का मारायचा. शिक्क्याशिवाय कोणी गॅस भरत नाही. आमच्याकडे कारखान्यांचे सिलिंडर यायचे, हॉस्पिटलांचे यायचे, आणि अंदमानहून बोटीनं डायव्हिंगचे यायचे. त्या शेवटच्यांच्या बुडाला रबरी टोपण असायचं आणि ते काढलं की आतून पांढरी वाळू पडायची. ही वाळू जिथली आहे तिथे एकदा जायचं, असं मी दर वेळी म्हणायचो.

शिक्के मारायचं काम एळुमलैचं. सतरा वर्षं त्यानं ते केलं. मशीन काहीही म्हणो, तो आधी पितळी हातोडीनं सिलिंडरच्या अंगावर एक हलका ठोका मारायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. घंटेसारखा नाद आला की मग तीन जोराचे — युनिटची खूण, महिना, वर्ष. मी आत केबिनमध्ये बसलेलो असलो तरी त्या ठोक्यांवरून काम कुठवर आलं ते मला कळायचं. एकदा माझी काहीतरी मोठी चूक झाली, तेव्हा हातोडी माझ्या डोक्याजवळ आणून म्हणाला, "सार, आत काही आहे का वाजवून बघू?" सगळं युनिट हसलं. मीही हसलो. असा माणूस होता.

चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या पंपाचं सील गेलं. नवीन यायला दोन दिवस लागणार होते. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याचे साठ सिलिंडर तपासायचे होते, त्यांचा ट्रक गेटवर उभा, आणि त्यांचा माणूस फोनवर ओरडत होता. मी एळुमलैला सांगितलं, मागच्या वेळी सगळे पास झाले होते, नुसते शिक्के मार. रजिस्टरमधले आकडे मी स्वतः सांगितले, त्यानं लिहिले. तो नाखुशीनं शिक्के मारत गेला. मी बाजूलाच उभा होतो. एका सिलिंडरवर त्यानं हलका ठोका मारला आणि थांबला.

"सत्तम सरि इल्ले, सार," तो म्हणाला. आवाज ठीक नाही.

मीही ऐकलं होतं. ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "पोडु." म्हणजे मार.

मग तीन जोराचे ठोके पडले.

पाच महिन्यांनी तोच सिलिंडर भरताना फुटला. भरणारा मुरुगेशन नावाचा छत्तीस वर्षांचा माणूस होता, तो जागच्या जागी गेला. चौकशीत मी सांगितलं की त्या दिवशी मी बँकेत होतो. एळुमलैनं काम लवकर उरकायला न तपासताच शिक्के मारले, रजिस्टर भरलं, आणि मी विश्वासानं सही केली. रजिस्टरमधलं अक्षर त्याचं होतं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो माझ्यासमोर आला. चिडलेला नव्हता. एखाद्या विसरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी तसं म्हणाला, "तुम्हीही ऐकलं होतं, सार."

सुटून आल्यावर इस्टेटमध्ये त्याला कोणी उभं केलं नाही. काही वर्षं शेअर ऑटो चालवली. सहा वर्षांपूर्वी तो हार्ट अटॅकनं गेला. मला कळलं होतं, पण मी गेलो नाही.

आता तो अनुभव.

युनिट विकून झालं, बायको आधीच गेलेली, मुलगा शोळिंगनल्लूरला त्याच्या कंपनीत रात्रंदिवस अडकलेला. मागच्या फेब्रुवारीत मी एकटाच अंदमानला गेलो. चेन्नईहून विमान, मग फेरीनं हॅवलॉक बेट. साठीच्या पुढच्यांना स्कूबाला सहसा घेत नाहीत. मी सहा ठिकाणी फोन केले. ईसीजी आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणाल तर चालेल असं एकानंच सांगितलं. मुलगा म्हणाला, "अप्पा, या वयात?" मी म्हटलं, आयुष्यभर लोकांचे सिलिंडर तपासले, एकदा पाठीवर घेऊन बघतो.

पहिल्या दिवशी स्नॉर्केलिंग. लाइफ जॅकेट, तोंडात नळी, आणि पाण्यात चेहरा घालून नुसतं तरंगायचं. खाली प्रवाळ, आणि सगळीकडून सारखी कटकट ऐकू येत होती, जणू कोणी लाह्या भाजतंय. बरोबरच्या गाइडला विचारलं तर म्हणाला, पोपटमासे आहेत, ते चोचीनं प्रवाळ खातात त्याचा आवाज. मला पटलं. हे सांगतो आहे ते यासाठी की पाण्याखाली आवाज असतात हे मला माहीत होतं आणि त्यांची कारणंही असतात हेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्कूबा. शिकवणारा बिपुल. बेटावरचाच बंगाली, चाळिशीचा. छोटं दुकान होतं, सगळं तोच बघायचा; पर्यटकांना खालीही न्यायचा आणि दुपारी कॉम्प्रेसरवर सिलिंडरही तोच भरायचा. नवशिक्या माणसाला खाली सोडत नाहीत. बिपुलनं मागून माझ्या सिलिंडरची मान धरलेली होती आणि मांजरीनं पिल्लू न्यावं तसा तो मला नेत होता. माझे दोन्ही हात छातीपाशी बांधलेले. नऊ मीटर खाली गेलो. जांभळ्या झुडपासारख्या कशात तरी दोन नारिंगी मासे आतबाहेर करत होते. मी आनंदात होतो, हेही नोंदवलं पाहिजे. त्या क्षणी माझ्या मनात एळुमलै नव्हता.

मग माझ्या पाठीवर — टप्.

हलका ठोका. सिलिंडरच्या अंगावर. आवाज बसका, ओल्या पोत्यासारखा.

मग काहीच नाही. मी श्वास धरून ठेवला, जे कधीही करायचं नाही असं सकाळी दहा वेळा सांगितलं होतं. एका माणसानं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावं, तेवढीच ती शांतता होती. मला ती अचूक ओळखू आली...

मग तीन जोराचे.

मी धडपडत वर जायची खूण केली. बिपुलनं सावकाश वर आणलं, बोटीत ओढून घेतलं. मास्क काढला तर तो माझ्याकडे नाही, स्वतःच्या तळहाताकडे बघत होता.

"अंकल, आपने सिलिंडर पे कुछ मारा क्या?"

माझे हात पुढे होते, मी म्हटलं. त्यानंच ते बांधायला लावले होते.

"हां, वो तो है." त्यानं हात उघडला, मिटला. "मेरे हाथ में लगा. पहले एक, धीरे से. फिर रुका. फिर तीन, ज़ोर से."

आवाज आला का, मी विचारलं. नाही म्हणाला, आवाज काहीच नाही, फक्त हाताला लागलं. मी तोवर त्याला एक शब्दही सांगितला नव्हता. हे मी शपथेवर लिहितो आहे.

दुकानावर आलो. वापरलेले सिलिंडर कॉम्प्रेसरशेजारी ओळीनं उभे केले होते, माझाही त्यात. जेवून झालं की तो भरायला घेणार होता. मी म्हटलं, हा भरू नकोस. तो हसला. अंगठ्यानं सिलिंडरचा खांदा पुसून मला शिक्का दाखवला. गेल्या वर्षीचा, मुदत बाकी होती. कागदही होता. मी म्हटलं, शिक्का खोटा असू शकतो.

"आपको कैसे पता?"

तो उठून कॉम्प्रेसरकडे गेला, तो सुरू करायची दोरी हातात घेतली. तेव्हा मी सांगितलं. ओल्या बाकावर बसून, मोडक्या हिंदीत, सगळं. पंपाचं सील, ट्रक, "पोडु", मुरुगेशन, बँकेचं खोटं. माझ्या बायकोलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

बिपुलनं धीर दिला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "उसके घर में कौन है?" बायको आहे, मी म्हटलं. "उनको बताया?" नाही. त्यानं खडूनं त्या सिलिंडरवर मोठी फुली मारली, तो खांद्यावर घेतला आणि शेडमागे नेऊन आडवा ठेवला. मला जेट्टीवर सोडायला तो स्वतः आला नाही, दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. तो सिलिंडर त्यानं पुन्हा तपासायला पाठवला होता. मानेत आतल्या आट्यांपाशी चीर निघाली. "भरते वक़्त फट सकता था, अंकल," एवढं बोलून त्यानं ठेवला.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालं आहे. मनात पाप होतं म्हणून ऐकू आलं... मग बिपुलच्या हाताला काय लागलं? सिलिंडर बोटीच्या नांगराच्या दोरीला लागला असेल... आम्ही दोरीपासून लांब होतो. दुरून दुसरा कोणी शिक्षक लक्ष वेधायला सिलिंडर वाजवत असेल... तो बिपुललाही ऐकू आला असता. शिवाय पाण्यात बुडालेला, हवेनं भरलेला सिलिंडर बाहेरच्यासारखा वाजतच नाही, त्याचा नाद चांगला की वाईट हे सांगता येणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? बिपुलनं काढलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे. हेडफोन लावून कितीदा तरी ऐकला. बुडबुडे आहेत, बाकी काही नाही.

फोन आला त्याच आठवड्यात मी कोरट्टूरला एळुमलैच्या घरी गेलो. त्याची बायको सरोजा घरीच इडलीचं पीठ करून विकते. मला ओळखलं. प्लास्टिकची खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसून पिशव्या भरत राहिली. मी तमिळमध्ये सगळं सांगितलं. पिशव्या भरणं थांबलं नाही. शेवटी मी पाण्यातल्या ठोक्यांचं सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

"ते मला सांगू नका, सार," ती म्हणाली. "त्याला यायचंच असतं तर इथे आला असता. मुलीच्या लग्नाला आला असता. तुम्हाला शोधत समुद्रात कशाला जाईल?"

खरं काय ते मी आता लिहिणार आहे, असं म्हणालो.

"कुठे?"

आमच्या मराठी मासिकात, मी म्हटलं.

ती हसली. फार वाईट हसली. "या गल्लीत ते कोण वाचणार? ऑटो स्टँडवर त्याला खुनी म्हणायचे, ते वाचणार?" मग पिशवीला गाठ मारत म्हणाली, "तमिळमध्ये लिहा. कोर्टात द्या. मग या."

म्हणून आधी ते केलं. वकील गाठला. निकाल बदलेल का हे सांगता येत नाही म्हणाले, पण तुमच्यावर केस होईल हे नक्की. होऊ दे, मी म्हटलं. मुलगा तेव्हापासून फोन करत नाही. नऊ पानांचं निवेदन तमिळमध्ये तयार झालं, त्यात पंप, ट्रक, साठ सिलिंडर, रजिस्टर, सगळं आलं. हॅवलॉकचा भाग मात्र वकिलांनी लाल पेननं खोडला. हे वाचलं तर न्यायाधीश म्हणतील म्हातारा भ्रमिष्ट आहे, आणि बाकीचंही धरणार नाहीत. एळुमलैचंच नुकसान होईल. त्यांचं बरोबर होतं. त्या जागी त्यांनी एक वाक्य घातलं — 'पश्चात्ताप झाल्यामुळे मी स्वखुशीने हे निवेदन देत आहे.' मी सही केली. गेल्या सोमवारी ते दाखल झालं. त्याची प्रत सरोजाला नेऊन दिली. तिनं ती माझ्यासमोर उघडली नाही.

पण त्यातलं ते एक वाक्य खरं नाही, आणि तेवढं दुरुस्त करायला मी इथे आलो आहे. पश्चात्ताप मला चौदा वर्षं होता. मी त्याच्यासकट जेवलो, झोपलो, मुलाचं लग्न केलं, युनिट चांगल्या भावात विकलं. त्यानं मला खुर्चीतून उठवलं नाही. मला उठवलं ते नऊ मीटर पाण्याखालच्या चार ठोक्यांनी... आणि ते कोणी मारले, मला माहीत नाही.