बाप्पासाठी कापलेल्या डोलकाठ्या

मंडळी, आज सकाळी सांगलीला मुलाकडे गणपतीला गेले आणि दारातच पाय थबकले.

बाप्पा आमच्या शोभेच्या लाकडी जहाजात बसले होते. मूर्ती मावेना म्हणून मुलानं तिन्ही डोलकाठ्या करवतीनं कापल्या होत्या.

पंच्याहत्तर सालच्या आसपास माझे मिस्टर फौजेतून सुट्टीवर उंब्रजला येताना त्या जहाजाचे सुटे भाग खोक्यातून घेऊन आले होते. दोन सुट्ट्या खपून त्यांनी फळी न् फळी चिकटवली. शिडांच्या दोऱ्यांना गाठी मी मारल्या, गजऱ्याला मारते तशा. आता मिस्टर नाहीत.

"काठ्या कुठायत रं?"

"टाकल्या की. बाप्पासाठीच कापल्या न्हवं, आई? विसर्जनाला जहाजासकट कृष्णेत सोडायचं. लय भारी दिसंल!"

शेजारणी कौतुकानं फोटो काढत होत्या. एकदा बसवलेली मूर्ती विसर्जनाआधी हलवायची नसते, हे त्याला लहानपणी मीच शिकवलेलं. टाळ्या वाजवत आरती म्हटली.

मिस्टरांनी ते जहाज कधी बादलीतसुद्धा सोडलं नव्हतं.

तुम्हीच सांगा, देवाला 'जरा उठा' असं म्हणायचं कुणी?